टिकेल असा लेप

दादरच्या तात्या कर्णिकांकडे मोटार नव्हती, पण मोटारीची वाट होती. फाटकापासून ओट्यापर्यंत त्यांनी चांगलं जाड काँक्रीट घालून घेतलं होतं, कारण बढती मिळाली की मोटार येणारच होती आणि वाट नाही म्हणून ती दारातून परत गेली असती तर केवढी नामुष्की! त्या वाटेवर कौसल्याबाईंनी गहू वाळवायचे नाहीत, कुंडी ठेवायची नाही, असा दंडक होता. बायकोपेक्षा काँक्रीटला जपणारा नवरा पदरी पडला होता. पडलं ते पवित्र म्हणायचं, असं कौसल्याबाई म्हणत, पण मनातल्या मनात.

कौसल्याबाईंचा धाकटा भाऊ शिवा लालबागला दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छप्पन साल उजाडलं तेव्हा मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही यावरून शहर तापलं होतं आणि शिवा प्रत्येक मोर्च्यात पुढे असे. संक्रांतीला तो तिळगुळासाठी बहिणीकडे आला, तर तात्यांनी फाटकाची कडीच काढली नाही.

"सरकारी नोकराचं घर आहे हे. मोर्चेवाल्यांनी इथे येऊ नये," ते म्हणाले.

कौसल्याबाई तिळगुळाची वाटी घेऊन ओट्यावर उभ्या. शिवा फाटकाबाहेरूनच हसला, "ताई, तू तरी गोड बोल" म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो वाटेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या तेलरंगात सुबक अक्षरं: संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. पाटी रंगवावी तशी, ओळीत आणि वळणदार. ते वळण कोणाचं हे सांगायची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात लालबागच्या गोळीबारात शिवा गेला. कौसल्याबाईंकडे त्याचा साधा फोटोही नव्हता. उरली होती ती एवढी अक्षरं.

तात्यांना मेहुण्याचं वाईट वाटलं. अगदी सुतक फिटेपर्यंत वाटलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की बढतीआधी साहेब चहाला यायचे आहेत आणि साहेबांची मोटार थेट या वाक्यावरून येणार आहे. झालं. त्यांनी रॉकेल ओतून घासलं, तर अक्षरं उलट उजळली. सिमेंटचं पाणी फासलं, ते वाळलं आणि त्याचे पापुद्रे निघाले. मग रोज संध्याकाळी रंगाच्या दुकानात जाऊन ते डबे हुंगू लागले.

"टिकाऊ पाहिजे. एकदा लावला की जन्मात हलता कामा नये," एवढी एकच अट.

शेवटी दुकानदाराने लाल तेलरंग सुचवला, पण खाली अस्तर चांगलं हवं म्हणाला. कसलं अस्तर, यावर तात्या जेवताना, निजताना, दाढी करताना विचार करू लागले. कौसल्याबाईंना एकच दिसत होतं: लाल रंग बसला की शिवा दुसऱ्यांदा जाणार होता.

माहीमच्या कोळीवाड्यातली सोनूबाई सकाळी मासळीची पाटी घेऊन आली. बोंबील निवडता निवडता कौसल्याबाईंनी विचारलं, "होडीला काय लावता गं तुम्ही?"

"राळ नि माशाचं तेल, कढवून. समुद्र चाटते तरी जात नाय, बाय."

"खालचं दिसतं त्यातून?"

"काचेवानी दिसते."

"आणि त्यावर दुसरा रंग दिला तर धरेल?"

सोनूबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग वाटेवरच्या अक्षरांकडे पाहिलं. "तेलाव काय धरते, बाय?" ती हळूच म्हणाली. "दत्तूला पाठवते मी."

दुपारी पानात तळलेले बोंबील पडले आणि होडीच्या तेलाचा विषयही सहज पडला. बायकोचं म्हणणं तात्या कधी ऐकत नसत, पण जेवण अंगी लागलं की तेच म्हणणं त्यांना स्वतःला सुचत असे. संध्याकाळी त्यांनी बायकोला बोलावून समजावलं, "अगं, समुद्रात जे टिकतं ते जमिनीवर टिकणारच. डोकं लागतं याला."

सोनूबाईचा मुलगा दत्तू तेल लावून गेला. आळीतली झाडून सगळी मांजरं कर्णिकांच्या फाटकाशी धरणं धरून बसली. तेल सुकल्यावर तात्यांनी वर लाल रंग दिला, स्वतःच्या हाताने, कारण इतक्या नाजूक कामात ते कोणावर विश्वास ठेवत नसत. अक्षरं दिसेनाशी झाली. कौसल्याबाई आत जाऊन रडल्या. काचेखाली आहे, जात नाही कुठे, असं स्वतःला सांगत राहिल्या.

साहेब भर उन्हात आले. त्यांनी वास घेतला, पण सभ्य माणूस होते, घरी मासळी शिजते आहे असं समजून गप्प बसले. चहा झाला, बढतीचं गोड बोलणं झालं. मोटार निघाली आणि तापलेल्या टायरांना लाल रंगाचा पापड चिकटून उठला. "झालाच पाहिजे" लख्ख उघडं पडलं, नव्या पाटीसारखं चकचकीत. साहेबांनी वाचलं, काच वर केली आणि गेले. त्यांच्यामागोमाग बढती गेली, मोटारही गेली.

उरलेला लाल रंग निघायला फार दिवस लागले नाहीत. आता छिन्नीने काँक्रीट फोडणं एवढाच उपाय होता, आणि तेवढा तात्यांचा जीव होईना.

साठ साली एक मेला महाराष्ट्र झाला. आळीतली मंडळी ताशे वाजवत कर्णिकांच्या फाटकाशी आली. सगळ्या भिंतींवरच्या घोषणा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या, या एका वाटेवर ती शाबूत होती. त्यांनी तात्यांच्या गळ्यात हार घातला. तात्यांनी घसा साफ केला.

"ही अक्षरं टिकावीत म्हणून," ते म्हणाले, "मी खास होडीचं तेल लावून घेतलं. सरकारी नोकरी असताना, बढतीवर पाणी सोडून."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कौसल्याबाई ओट्यावरून उतरल्या, वाटेवरून चालत आल्या आणि नवऱ्याच्या गळ्यातला हार त्यांनी काढून घेतला. एवढ्या लोकांत, डोईवरचा पदर न ढळू देता. मग वाकून तो अक्षरांवर ठेवला.

"हा माझ्या भावाचा आहे," त्या म्हणाल्या. "ही अक्षरं त्याने लिहिली. तिळगुळाला आला होता, तेव्हा ह्यांनी त्याला फाटकातून आत घेतलं नव्हतं."

ताशे थांबले. मग तात्यांनी पुढे होऊन फाटकाची कडी काढली आणि लोक एकेक करून आत आले, अक्षरांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने.