नाणेघाटात तीन हजार

आई मंगळवारी गेली आणि शुक्रवारी सकाळी तिच्या मेलवर निरोप आला: तुमची चाल बाकी आहे. मुदत आज संध्याकाळी सहा.

मेल मी तिच्या घरी, तिच्याच कॉम्प्युटरवर, नातेवाइकांचे पत्ते शोधायला उघडला होता. निरोप ज्या खेळाचा होता तो मला ऐकून माहीत होता. निवृत्तीनंतरचं शेवटचं दीड वर्ष आई रोज दुपारी चहा घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायची आणि मी फोन केला की म्हणायची, "थांब क्षिप्रा, सोपाऱ्याला धान्य पोचवते आणि बोलते." मी उलव्याला, ती घणसोलीत एकटी. तिला विरंगुळा मिळाला, असं मी धरून चालले होते. त्यापलीकडे काही विचारलं नाही.

खेळ असा होता: बाराव्या-तेराव्या शतकातला पश्चिम भारत, अकरा खेळाडू, प्रत्येकाकडे एक राज्य. एक चाल म्हणजे सहा महिने, आणि ती नोंदवायला तीन दिवस. लागोपाठ तीन चाली चुकल्या किंवा राज्यातलं शेवटचं शहर पडलं, की खेळाडूचं नाव यादीतून जातं आणि राज्य यंत्र चालवतं. आईकडे ठाण्याचे शिलाहार होते. यादीत तिसऱ्या ओळीत होतं: अरुणा, उत्तर कोकण, चाल १६८. दोनशेव्या चालीला खेळ संपणार होता.

पुढचे काही आठवडे आईचं नाव ठिकठिकाणाहून काढणं हेच माझं काम असणार होतं. गॅस, वीज, बँक. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर त्याच सकाळी फोनवर सांगितलं, दाखला मिळाला की खालच्या बोर्डावरचं नाव बदलून घेऊ, टेन्शन घेऊ नका. या एका यादीतून ते मी काढणार नव्हते. बत्तीस चाली, म्हणजे तीन महिने. एवढं जमेल असं मला वाटलं, कारण शिलाहारांबद्दल मराठीत जे छापलंय त्यातलं बहुतेक मी वाचलेलं आहे.

त्या वाचनाचा पहिल्या तासाभरातच काही उपयोग राहिला नाही. पडद्यावर एकशेचाळीस आकडे होते आणि त्यातले निम्मे लाल. आकड्यावर बाण नेला की खुलाशाची चौकट उघडायची, खुलाशातल्या शब्दावर नेला की दुसरी, आणि तिसरी उघडेपर्यंत पहिली बंद झालेली असायची. मार्गदर्शिका तीनशे चाळीस पानांची, इंग्रजीत, आणि खेळाच्या आधीच्या आवृत्तीबद्दलची. तिच्यात सांगितलेलं बटण आता तिथे नव्हतं. सरावासाठी मी तेच राज्य वेगळं उघडून पाहिलं. अकरा मिनिटांत कल्याणला दुष्काळ पडला, सोपाऱ्याला बंड झालं, आणि एका देवळाचं दानपत्र मी वेळेत नवं केलं नाही म्हणून प्रधान सोडून गेला. पुन्हा सुरू केलं. या वेळी प्रधान टिकला आणि ठाणं गेलं.

आईने काहीच लिहून ठेवलं नव्हतं. मी कपाट पाहिलं, ड्रॉवर पाहिले, फ्रिजवरच्या चिठ्ठ्यासुद्धा वाचल्या. ती नगररचनेच्या ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं ट्रेसर होती. पारदर्शक कागद ठेवून दुसऱ्यांचे नकाशे शाईने उतरवायचे, हे तिचं काम. एकदा उतरवलेला नकाशा तिच्या डोक्यात राहायचा, लिहायची गरज तिला पडत नसे. मला त्याचा राग आला. मेलेल्या माणसाचा असा किरकोळ कारणाने राग येतो हे मला माहीत नव्हतं.

कशीबशी चाल नोंदवली. दुसऱ्या दिवशी देवगिरीच्या खेळाडूचा निरोप आला.

"बाई, यंदा मीठ कुठंय? घाटमाथा अळणी जेवतोय."

निरोपांच्या खिडकीत फक्त शेवटच्या दहा ओळी राहतात. त्यात आईची एकच ओळ उरली होती: "पाठवते. बैल तुमचे." मी तेवढाच धागा धरला आणि लिहिलं, "पाठवते."

पाठवायचं कसं ते मला सापडलं नाही. व्यापाराच्या खिडकीत मीठ होतं, देवगिरीचं नाव होतं, आणि दोघांना जोडणारं बटण करड्या रंगाचं, दाबलं तरी हलत नव्हतं. दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी मी तो नाद सोडला. थट्टाच असेल, असं स्वतःला सांगितलं.

मग मी जे मला येतं ते केलं. करारांचं पान उघडलं. देवगिरी: करार नाही. जुन्नरला देवगिरीचं चौदा हजार सैन्य. ठाण्याच्या शिलाहारांचा शेवट कसा झाला हे वाचलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. देवगिरीचा महादेव यादव घाट उतरून आला, समुद्रावर लढाई झाली, सोमेश्वर बुडाला. एकसरच्या वीरगळांवर कोरलेल्या त्या बोटी मी दोनदा जाऊन पाहिल्या आहेत. आईच्या राज्यात घाटात एकही माणूस नव्हता, हे मला हलगर्जीपणाचं वाटलं. दक्षिण टोकाच्या चौल बंदरातले तीन हजार सैनिक मी होत्या नव्हत्या तेवढ्या बोटींत भरून खाडीने कल्याणला नेले आणि तिथून नाणेघाटात चढवले. एकशे एकाहत्तरावी चाल. नोंदवताना समाधान वाटलं अशी ती पहिलीच.

"बाई, घाटात माणसं कशाला?"

मी लिहिलं, "सावधगिरी."

"कोणाची? माझी?"

मी उत्तर दिलं नाही. पुढच्या चालीला आलं, "मीठ नाही, निरोप नाही, वर भाले. डोकं ठिकाणावर आहे ना?" आणि एकशे पंचाहत्तराव्या चालीला: "पुढच्या वेळी घाट मोकळा दिसला नाही तर मी खाली उतरतो. मग सांगितलं नव्हतं म्हणू नका."

चौदा हजार खाली उतरले की ठाणं दोन चालीत जाणार, एवढं मला आता कळत होतं. सैन्य हलवलं तरी जाईल, असंही वाटत होतं. स्वानंदचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी हेच सांगितलं.

"मग सांगून टाक ना त्याला, आई नाहीत म्हणून."

"सांगितलं तर नाव काढतील."

"कोण, गेमवाले? त्यांना काय पडलंय." मग तो म्हणाला, "क्षिप्रा, आई गेल्यावर तू जेवढी रडली नाहीस तेवढी या गेमवर चिडतेस रोज."

"गॅसवाल्यांचा फोन येतोय," मी म्हणाले. येत नव्हता.

मुदत संपायला तीन तास असताना मी देवगिरीला लिहिलं: "अरुणाताई वारल्या. चोवीस दिवस झाले. मी त्यांची मुलगी. तेव्हापासून मीच खेळते आहे."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "म्हणजे घाटात तुम्ही आहात."

थोड्या वेळाने अजून एक. "राहता कुठे?"

"सध्या घणसोली."

"मी तळवलीत. रविवारी लॅपटॉप घेऊन या."

रिक्षाने दहा मिनिटं लागली. देवगिरीचं नाव मारोती होतं, वय सत्तरीला टेकलेलं. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये जन्म काढलेला, गाव देवगिरीच्या पायथ्याचं. दार त्यांच्या बायकोने, रखमाताईंनी उघडलं. त्यांनी मला आधी नीट पाहून घेतलं.

"ह्याच का घाटातल्या?" त्या आत वळून म्हणाल्या, आणि मला, "या. तीन आठवडे झाले ह्यांचं डोकं फिरलंय. बाई येड्यासारखी खेळायली म्हणे. एक दिस जेवले न्हाईत रागानं."

"भूक नव्हती," मारोतीकाका म्हणाले.

"व्हय, भूक नव्हती. रात्री चार चपात्या कुणी खाल्ल्या मग?"

काका आईबद्दल काही बोलले नाहीत. कसं झालं, एवढं विचारलं. मी हृदयविकार म्हणाले, त्यांनी मान हलवली. मग लॅपटॉप पुढे ओढला आणि पाच मिनिटं नुसतं खालीवर करत राहिले.

"काय करायलात तुमी? घाटात हा किल्ला कशाला बांधायला घेतला?"

"यादव घाट उतरून आले होते. सोमेश्वर शिलाहार त्यातच—"

"ते यादव. मी मारोती."

"मला कसं कळणार? करार नाही असं लिहिलंय."

"करार केला की यंत्र दर पाच चालीला तो मोडायचा डाव टाकतं. तोंडी ठेवला की मोडायला माणूस लागतो. दीड वर्ष झालं. खेळातल्या दर दिवाळीला बाईंनी मीठ धाडायचं, मी घाटाखाली पाऊल टाकायचं न्हाई. म्हणून त्यांचं सगळं सैन्य चौलाला, गोव्याच्या तोंडावर. खरी भीती तिकडं हाय. तिथं तो सौरभ बसलाय, कदंबांचा."

"हे कुठे लिहिलेलं आहे?"

"कुठंच न्हाई."

"मग मला कोणी सांगितलं नाही."

"विचारलं कुणाला?"

रखमाताईंनी चहाचा कप माझ्या हाताशी सरकवला. "बाईंना एकदा घरी बोलवा म्हणलं मी ह्यांना," त्या म्हणाल्या. "हे दोनदा बोलले. तर त्या म्हणल्या, भेटलो की तुमी मला भ्यायचं सोडाल."

ते आईचंच वाक्य होतं. मी चहा प्यायले.

मीठ पाठवायचं बटण काकांनी दाखवलं. आधी बोट नेमली की मगच ते उघडायचं, आणि आता बंदरात एकही बोट मोकळी नव्हती. सगळ्या बोटी सैनिक उतरवून कल्याणला अडकल्या होत्या, आणि वारा उलटा असल्यामुळे पुढची चाल होईपर्यंत निघू शकत नव्हत्या. घाटातली माणसं चौलला पोचायला दोन चाली. आम्ही तासभर दुसरी वाट शोधली. प्रत्येक वाटेवर माझीच आधीची एखादी चाल आडवी पडलेली होती.

"एक बोलू का," काका म्हणाले. "राग धरू नका. हे आठ डाव बाईंच्या नावावर लागलेत."

"नाव जाऊ नये म्हणूनच तर खेळते आहे."

"ते कळलं. पण बाकीचे दहा जण बघायलेत ना. बाई अशा खेळत नव्हत्या. तो सौरभ मला परवा म्हणतो, काका, तिसऱ्या नंबरवालीचं काही खरं नाही, म्हातारी झाली वाटतं. मी त्याला शिव्या घातल्या. पण त्याचं काय चुकलं? त्याला दिसतं ते तो बोलला."

"मी शिकेन."

"शिका की. न्हाई कोण म्हणतंय. पण शिकेपर्यंत जे वाकडं होईल ते त्यांच्या नावावर कशाला?"

"अहो, जेवू द्या तिला," रखमाताई आतून म्हणाल्या.

मी जेवले नाही. घरी आले, आईच्या खुर्चीत बसले आणि खेळाडू बदलण्याचं पान शोधायला लागले. तेही तिसऱ्या चौकटीत लपलेलं होतं. सापडेपर्यंत मी दोनदा चुकून सगळ्या बंदरांचे कर बदलले आणि परत ठीक केले. पानावर कारण विचारलं होतं. वेळ नाही, रस उरला नाही, तांत्रिक अडचण, इतर. मी 'इतर' निवडलं. त्याने आणखी एकदा विचारलं, नक्की का? खालून कोणीतरी सोसायटीच्या वॉचमनला पाण्याच्या टँकरबद्दल विचारत होतं. ते बोलणं संपल्यावर मी 'हो' दाबलं.

तिसऱ्या ओळीत आलं: क्षिप्रा, उत्तर कोकण, चाल १७६. नाव पूर्ण पुसलं जाईल असं मी धरलं होतं. तसं झालं नाही. खाली बारीक अक्षरात आलं, आधीचे खेळाडू: अरुणा, १ ते १७५. माझे आठ त्यातच राहिले. ते वेगळे काढायची सोय आहे का हे मी मार्गदर्शिकेत पाहिलं. नाही.

सोमवारी संध्याकाळी चौल पडलं. सौरभच्या चाळीस बोटी आल्या आणि चौलात मागे दीडशे माणसं होती. त्याचा निरोप आला: "नवीन दिसताय, वेलकम. चौल छान ठेवलंय तुम्ही."

मी मारोतीकाकांना फोन लावला.

"काका, चौल गेलं."

"बघितलं."

"तुम्ही म्हणालात दोन चालीत माणसं पोचतील."

"पोचतील म्हणलो. तोवर तो थांबंल असं कुठं म्हणलो?"

"मग आधी चौलचं का नाही बोललात? तुम्ही मिठातच अडकून बसलात."

"मीठ कुणी अडकवलं होतं? मी?"

मागून रखमाताईंचा आवाज आला, "आवाज खाली. शेजारी दार उघडून बघायलेत."

"आता काय करू?" मी म्हणाले.

"बाई असत्या तर..." काका थांबले. "ते सोडा. तुमाला काय वाटतं?"

मी नकाशाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, आणि या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा एखादं पुस्तक आठवलं नाही. "त्याच्या चाळीस बोटी चौलात आहेत," मी म्हणाले. "म्हणजे गोव्याच्या बंदरात फार नसतील."

"बरोबर हाय. आन तुमच्या कुठं हायत?"

"कल्याणला."

"मग नुसतं वाटून काय उपयोग," काका म्हणाले.