म्हाताऱ्याची शेवटची फांदी

हिरवं दिसलं की झाड आणि वाळकं दिसलं की सरपण, आमच्या साहेबांना एवढंच वनस्पतिशास्त्र ठाऊक. पदवी मात्र केबिनमध्ये काचेच्या फ्रेमीत लटकते. तिचा खिळा मीच ठोकलाय.

या सरकारी बागेत मी एकतीस वर्षं माळी आहे. कुंपणाच्या भिंतीलगत एक झाड आहे, त्याला आम्ही म्हातारा म्हणतो. मूळचं इथल्याच डोंगरातलं, आता डोंगरातही उरलेलं नाही. थंडी सरताना सगळी पानं गाळतं, पार खराटा होतं, आणि मग त्या उघड्या फांद्यांवर आठ दिवस फुलं. सकाळी पांढरी, संध्याकाळी गुलाबी. फांदी लावून हे झाड जगत नाही, अकरा वेळा लावून बघितली. बीच लागतं. त्यात खोड आतून इतकं पोकळ, की ठोकलं तर रिकामा डबा वाजतो; पुढचा पावसाळा काही काढायचं नाही. गेली दोन वर्षं ऐन फुलोऱ्यात गारा पडल्या आणि एकही शेंग धरली नाही. यंदा बी मिळालं नाही तर खेळ खलास, असं मी साहेबांना दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा फोनमधून मान वर न करता "हो हो" केलं.

मग बागेत कार्यक्रम ठरला. मोठे पाहुणे येणार म्हणून साहेब गॉगल चढवून फेरीला निघाले आणि म्हाताऱ्यापाशी थबकले.

"काका, हे मेलेलं झाड इथे काय करतंय?"

"मेलेलं नाही साहेब, हेच ते. पंधरा दिवसांत फुलेल. कळ्या धरल्यात, बघा तरी."

"मला शिकवू नका. वाळक्या फांद्या उतरवा. नाहीतर कंत्राटदाराला बोलावतो, तो बुंध्यापासून काढेल."

त्या कंत्राटदाराला मी ओळखतो, तो खरंच काढेल. शेवटी करवत मीच घेतली. भिंतीकडची एक फांदी शेजारच्या निलगिरीत घुसलेली, समोरून दिसत नव्हती, तेवढी ठेवली.

"एकतीस वर्षं झाड सांभाळलंत," घरी बायको म्हणाली, "आणि त्या टिकोजीला एकदा नाही म्हणता आलं नाही?"

मला लाज वाटली.

ती एक फांदी मात्र फुलली, आणि काय फुलली! मधमाश्यांची नुसती झुंबड. गारांसाठी मी वर जाळी बांधली, आणि तिसऱ्या दिवशी देठाशी फुगवटा दिसला तेव्हा वेड्यासारखा एकटाच हसलो. शेंग धरत होती.

चौथ्या दिवशी कार्यक्रम. मी खुर्च्या मांडत होतो. पुष्पगुच्छवाला आला नाही म्हणून साहेबांची तारांबळ उडालेली. थोड्या वेळाने बघतो तर साहेब भिंतीकडून येतायत, हातात ती फांदी, तिला लाल फीत बांधलेली.

"बघा काका, आपल्याच बागेत केवढं वेगळं फूल आहे! तुम्ही कधी बोलला नाहीत."

या माणसावर थुंकावं तर थुंकीचाच अपमान.

"कुठल्या झाडाची हो ही?" पाहुण्यांनी विचारलं. साहेबांनी मोठ्या थाटात शेजारच्या निलगिरीकडे हात केला. टाळ्या पडल्या. जाताना पाहुणे फांदी खुर्चीवरच विसरून गेले.

मी ती बादलीत ठेवली. तोडलेल्या फांदीवर शेंग पोसत नाही हे मला कळतं, तरी पाच दिवस पाणी बदलत राहिलो. सहाव्या दिवशी फुगवटे काळे पडून गळले.

सोमवारी साहेबांनी पाटी पाठवली, 'दुर्मीळ देशी वृक्ष'. निलगिरीवर लावायची होती.

खिळे मीच ठोकले.