तनुजाची खाट

तनुजा पवळे तीन आठवड्यांनी लातूरच्या वसतिगृहात परतली, तेव्हा तिची खाट खोलीबाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकवून उभी केलेली होती. गादी नव्हती. पुस्तकं एका पोत्यात कोंबून पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं होतं. खोलीचं दार बंद होतं आणि आतून हसण्याचा आवाज येत होता. तिनं दार वाजवलं तसा तो थांबला.

"कोण?"

"मी. तनुजा."

आत कुजबुज झाली. मग वैष्णवीचा आवाज आला, "आधी रेक्टर मॅडमला भेट."

दार उघडलं नाही.

तनुजा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. गाव नायगावपासून सात किलोमीटरवर, घरची शेती. वैष्णवी नांदेडची, वडील वकील, आई शाळेत शिक्षिका. दीड वर्ष दोघींच्या खाटा शेजारी होत्या. सुटी लागली की दोघी एकाच एसटीनं नांदेडला जायच्या, वैष्णवीच्या घरी जेवायच्या आणि मग तनुजा नायगावची गाडी धरायची.

दिवाळीनंतर तनुजाला खोकला लागला. महिना झाला तरी हटेना, तेव्हा ती कॉलेजच्या आरोग्य कक्षात गेली. तिथं पंचशीला सिस्टर होत्या. त्यांनी तिला सरकारी दवाखान्यात नेऊन थुंकीची तपासणी करवली. टीबी निघाला. गोळ्या लगेच सुरू झाल्या.

"बरी होशील," सिस्टर म्हणाल्या होत्या. "दोन-तीन आठवडे घरी थांब, मग डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन परत ये."

"कोणाला सांगू नका, सिस्टर."

"खोलीतल्या तिघींची तपासणी करावी लागते. त्यासाठी रेक्टरना सांगावं लागेल. फक्त त्यांना."

तनुजाची गाडी अहमदपूर ओलांडत होती तेव्हा तिच्या मोबाइलवर वसतिगृहाच्या ग्रुपचा मेसेज आला. रेक्टर मॅडमचा होता. 'रूम नंबर ११ मधील तनुजा पवळे हिला टीबी झाल्याचे कळाले आहे. तिच्या वस्तूंना कोणीही हात लावू नये.' त्याखाली मुलींनी तोंडाला मास्क लावलेले पिवळे चेहरे टाकले होते. एकीनं लिहिलं होतं, 'ई, ती माझ्या ताटात जेवली आहे.' तनुजानं मोबाइल बंद केला आणि नांदेड येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी ती वैष्णवीच्या घरावरून गेली नाही.

आणि आता ती रेक्टरच्या ऑफिसच्या दारात उभी होती.

"तिथंच थांब," सरोजिनी मॅडम म्हणाल्या. त्यांनी साडीचा पदर नाकाला लावला. "सर्टिफिकेट टेबलाच्या कडेला ठेव. हातात देऊ नकोस."

तनुजानं कागद ठेवला. मॅडमनी तो पेनाच्या टोकानं ओढून घेतला आणि न उचलताच वाचला.

"डॉक्टर काय, काहीही लिहून देतात."

"मॅडम, आता माझ्यापासून कोणाला लागण होत नाही. त्यात लिहिलंय."

"होत नाही ना? मग त्या डॉक्टरच्या घरी जाऊन राहा." मॅडमनी ड्रॉवरमधून दुसरा कागद काढून तिला दिसेल असा धरला. "तेवीस मुलींच्या सह्या आहेत. तू इथं राहिलीस तर त्या जाणार म्हणतात. पहिली सही कोणाची ते बघ."

पहिली सही वैष्णवीची होती. वळणदार, खाली दोन ठिपके दिलेली.

"माझी गादी कुठाय?"

"जाळली. दुसरं काय करणार? आता वेलनेस सेलमध्ये जा. मिहिर सर तुझं समुपदेशन करणार आहेत."

वेलनेस सेल नवा होता. आकाशी रंगाच्या भिंती, कोपऱ्यात प्लास्टिकची फुलं, बसायला मऊ पिशव्यांसारख्या खुर्च्या. मिहिर सर आठवड्यातून दोन दिवस नांदेडहून यायचे. तिशीच्या आतले, बोलायला मवाळ. त्यांनी तिला पाणी दिलं. कागदी कपात.

"तनुजा, तुला आत्ता काय वाटतंय?"

"राग येऊन राहिला."

"साहजिक आहे. राग कोणावर आहे?"

"सगळ्यांवर. तुम्ही काय म्हणता त्यावर तुमच्यावर बी येईल."

सर हसल्यासारखं करून थांबले. आजारात मनावर ताण नको, घरच्या माणसांत लवकर बरं वाटतं, एक वर्ष म्हणजे काही फार नाही, असं बरंच बोलले. मग त्यांनी फाइलखालून एक टाइप केलेला कागद काढून तिच्यापुढं सरकवला. तनुजानं वाचला. 'मी माझ्या प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने वसतिगृह सोडत असून, याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' खाली तिचं नाव आधीच टाइप केलेलं होतं. फक्त सही बाकी होती.

"हे कोणी लिहिलं?"

"मॅडमनी पाठवलंय. प्राचार्य सरांचंही तेच मत आहे."

"म्हणजे तुम्ही मला आधार द्यायला न्हाई बसलात. मला घालवून द्यायला बसलात."

"तसं नाही. मी तुझ्या भल्याचं—"

"सर, तुम्हाला माझ्याकडं बघून बोलता येत न्हाई. भिंतीकडं बघून बोलून राहिलात."

मिहिर सरांचा चेहरा लाल झाला. तनुजानं कागदाची घडी घातली आणि पिशवीत टाकली.

"तो कागद ठेवून जा, तनुजा."

"कामून? नाव तर माझंच हाय त्याच्यावर."

तिथून ती सरळ आरोग्य कक्षात गेली. पंचशीला सिस्टर एका मुलीच्या पायाला पट्टी बांधत होत्या. ती मुलगी तनुजाला बघताच उठली आणि पट्टीचं टोक लोंबत असतानाच लंगडत निघून गेली.

"तुम्ही सांगितलं," तनुजा म्हणाली.

"हो. मी सांगितलं. रेक्टरना."

"लेखी दिलं होतं? नाव गुप्त ठेवा म्हणून?"

"तोंडी सांगितलं. लेखी द्यायला पाहिजे होतं. चूक झाली माझी."

"तुम्ही चूक म्हणल्यानं माझी गादी परत येती का?"

सिस्टरनी उरलेली पट्टी गुंडाळून ठेवली. मग म्हणाल्या, "माझ्या घरी चल. निवाडा होईपर्यंत राहा."

"तुमच्या घरी मी पाय ठेवायची न्हाई."

तिनं व्हरांड्यातली खाट आडवी केली, त्यावर शाल टाकली आणि ठिय्या मारला. येणाऱ्या-जाणाऱ्या मुली ओढणी नाकाला लावून पलीकडच्या भिंतीला घासत जायच्या. मेसच्या बाईनं तिचं ताट जमिनीवर ठेवून पायानं पुढं ढकललं. तनुजानं ते तसंच पायानं परत ढकललं आणि बाहेर जाऊन वडापाव खाऊन आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे वडील भुजंगराव आले. रेक्टरनंच फोन करून बोलावलं होतं. ते खाटेजवळ आले, पण बसले नाहीत.

"सामान उचल. चल."

"अण्णा, प्रॅक्टिकल महिन्यावर आलंय."

"आग लाव त्या प्रॅक्टिकलला! गावात मी कावीळ झाली म्हणून सांगितलंय. तू इथं तमाशा करून राहिलीस. उद्या पेपरात आलं तर? तुझं तर सोड, तुझ्या भावाला तरी कोणी पोरगी देईल का?"

"मग मी काय करू? आजार मी इकत आणला का?"

"उलटं बोलू नको! लई शिकवलं तुला, तीच चूक झाली."

व्हरांड्यात दारं किलकिली झाली होती. सगळ्या मुली ऐकत होत्या. तनुजा खाटेची पट्टी दोन्ही हातांनी धरून बसून राहिली. भुजंगराव बराच वेळ गेटजवळच्या लिंबाखाली उभे राहिले. पाचच्या गाडीनं गेले. जाताना त्यांनी मागं वळून बघितलं नाही आणि तिनंही हाक मारली नाही.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी हॉलमध्ये बैठक बोलावली. त्यांना ती बोलवावीच लागली, कारण पंचशीला सिस्टरनी सरकारी दवाखान्यातल्या डॉ. महादेवप्पांना सगळं कळवलं होतं आणि ते स्वतः आले होते. मुली तोंडं बांधून बसल्या होत्या. वैष्णवीनं उभं राहून तेवीस जणींचा अर्ज वाचून दाखवला. आमच्या जिवाशी खेळ नको, असं त्यात तीनदा आलं होतं.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "हिच्या खोलीतल्या तिघी कोण? उभ्या राहा. तुमची तपासणी झाली का?"

तिघी एकमेकींकडं बघू लागल्या.

"तीन आठवडे झाले," पंचशीला सिस्टर म्हणाल्या. "मी दोनदा निरोप पाठवला. एकही आली नाही."

"पालकांची परवानगी नव्हती," सरोजिनी मॅडम घाईनं म्हणाल्या.

"मॅडम, गादी जाळायला परवानगी घेतली होती का?" डॉक्टरांचा आवाज चढला. "जिला औषध चालू आहे तिला बाहेर काढलंत. आणि ज्यांना खरंच बघायला हवं होतं त्यांना तसंच ठेवलंत!"

तनुजा उठली. ती डॉक्टरांकडं नाही, वैष्णवीकडं बघत होती.

"तुला एवढी जिवाची भीती होती, तर तू कामून गेली न्हाईस तपासायला?"

"तुला काय करायचंय?"

"सांग ना. सही करायला पहिली होतीस."

वैष्णवीनं तोंडावरची ओढणी खाली ओढली. "आणि निघालं असतं तर? माझं नाव पण ग्रुपवर टाकलं असतं! माझी खाट पण बाहेर काढली असती! मी काय वेडी आहे का?"

वैष्णवी खाली बसली आणि तिनं पुन्हा तोंड झाकून घेतलं.

पंचशीला सिस्टरनी एक कागद प्राचार्यांच्या हातात दिला. "तनुजाचं नाव माझ्या तोंडून बाहेर गेलं. ते मी इथं लिहून दिलंय, सहीनिशी. पुढं ते ग्रुपवर कोणी टाकलं, तेही लिहिलंय." तनुजानंही पिशवीतला टाइप केलेला कागद काढून त्याच्याशेजारी ठेवला. डॉक्टरांनी तो वाचला आणि मिहिर सरांकडं बघितलं. मिहिर सर चष्मा पुसत राहिले.

त्या संध्याकाळी ग्रुपवरचा मेसेज काढला गेला. 'अनवधानाने गेला होता', एवढंच मॅडमनी लिहिलं. माफीचा शब्द नव्हता. तनुजाची खाट अकरा नंबरमध्ये परत गेली, नवीन गादीसकट, आणि तासाभरात बाकीच्या तिघी आपापलं सामान घेऊन दुसऱ्या खोल्यांत गेल्या. चार जणींच्या खोलीत तनुजा एकटी राहू लागली. कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. तीही बोलत नव्हती.

तिघींची तपासणी झाली. कोणाचं काय निघालं ते कळलं नाही. पंचशीला सिस्टरनी यावेळी रेक्टरलासुद्धा सांगितलं नाही. मॅडमनी दोनदा विचारलं. सिस्टर म्हणाल्या, लेखी मागा, लेखी नकार देते.

पण आठवड्याभरात तनुजाला दिसलं. सकाळी अकराच्या तासाआधी वैष्णवी आरोग्य कक्षात जायची, दोन मिनिटांत बाहेर यायची आणि नळावर तोंड धुवायची. एकदा दार उघडं होतं. सिस्टरच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट तनुजानं लांबून ओळखलं. तसलंच तिच्या उशाखाली होतं. थुंकीत जंतू निघाले नसतील, म्हणून वैष्णवीला घरी थांबवलं नसावं.

तिला आनंद झाला. खरंच झाला, ते तिनं स्वतःपासून लपवलं नाही. तिनं नळाजवळ वैष्णवीला गाठलं.

"मला माहितीये."

वैष्णवीचे ओठ पांढरे पडले. "काय?"

"तुला कळतंय काय ते."

"सांगणारेस?"

"बघू," तनुजा म्हणाली आणि तिला तिथंच सोडून तासाला गेली.

तिनं दोन ओळी लिहून मोबाइलमध्ये तयार ठेवल्या होत्या. ग्रुपवर टाकायला एक बोट पुरलं असतं. मेसमध्ये ती मोबाइल हातात घेऊन बसायची आणि समोरच्या टेबलावर वैष्णवीचा घास अडकलेला बघायची. चार दिवस असे गेले. तेवढे दिवस तिला जेवण गोड लागलं.

पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की वैष्णवी आरोग्य कक्षाकडं फिरकलीच नाही. सहाव्या दिवशीही नाही. त्या दिवशी पंचशीला सिस्टर सव्वाअकरापर्यंत दारात उभ्या होत्या, कोणाची तरी वाट बघत. त्यांनी तनुजाकडं बघितलं, पण काही विचारलं नाही.

तनुजा तासाला गेली नाही. जिन्याखालून उलटी फिरली आणि लायब्ररीत वैष्णवीच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"ऊठ."

"टाक ना ग्रुपवर! टाकून मोकळी हो एकदाची."

"हळू बोल. ऊठ म्हणलं ना." तिनं वैष्णवीचं मनगट पकडलं. पकड घट्ट होती, दुखण्याइतकी. तशीच ती तिला आरोग्य कक्षापर्यंत घेऊन आली, आत ढकललं आणि दार लावून त्याला पाठ टेकली.

"सिस्टर, हिला गोळ्या द्या. माझ्यापुढं गिळू दे."

सिस्टरनी गोळ्या काढल्या. वैष्णवी रडत होती. पाणी तिच्या हनुवटीवरून ओघळलं. गोळ्या गेल्या.

तनुजानं मोबाइल काढला, त्या दोन ओळी वैष्णवीला दाखवल्या आणि तिच्यासमोर पुसून टाकल्या.

"मी कोणाला सांगितलं न्हाई, अन् सांगायची बी न्हाई. पण तू उद्या आली न्हाईस, तर अशीच फरफटत आणीन."

"तनू, मला माफ—"

"न्हाई. माफी मागू नको, मी देणार न्हाई." ती दार उघडून बाहेर पडली.

प्रॅक्टिकल संपेपर्यंत वैष्णवी रोज अकराला येत राहिली. तनुजा रोज समोरच्या कट्ट्यावर वही उघडून बसायची, ती आत जाऊन बाहेर येईपर्यंत. दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत. परीक्षा झाली तेव्हा दोघी नांदेडला वेगवेगळ्या गाड्यांनी गेल्या.