लसूण-ओव्याची पूड

कोंबडीवाल्याने औषधांच्या बाटल्या बंद केल्या आणि खाद्यात लसूण-ओव्याची पूड मिसळायचं ठरवलं. जनावरांच्या डॉक्टरने नाक मुरडलं, तसा हा इरेला पेटला. एका शेडला पूड, दुसऱ्याला साधं खाद्य आणि विक्रीच्या दिवशी डॉक्टरसमोर वजन, अशी पैज लागली. खाद्य घालायचं काम त्याच्या आत्याकडे होतं. त्याला आणि त्याच्या भावाला लहानाचं मोठं करताना तिने कधी डावं-उजवं केलं नव्हतं.

ठरल्या दिवशी काटा लागला. दोन्ही शेडचे पक्षी सारखेच गुबगुबीत!

"म्हणजे पुडीने काडीचा फरक पडत नाही," डॉक्टर मिशीत हसला. कोंबडीवाल्याचं तोंड एवढंसं झालं.

"पडत कसा नाही?" आत्या कडाडली. "दोन्हीकडे घालतेय मी! पलीकडची बिचारी जाळीला चोच लावून बघत बसायची. त्यांच्यादेखत ह्यांनाच तेवढं वाढू?"

कोंबडीवाल्याने कपाळावर हात मारला. "अगं आत्या, आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार!"

"कर की," आत्याने घमेलं उचललं. "ह्या खेपेला दोघांनाही देत नाही. मग तर झालं?"