चुकलेल्या मापाची खुर्ची

मित्रांनो, मी लहान मुलाची एक जुनी लाकडी खुर्ची आहे. कोर्टाच्या अडगळीच्या खोलीत भिंतीला टेकून उभी असते, कारण माझे दोन पाय लांब आहेत आणि दोन आखूड.

मला एका सुतार आजोबांनी आपल्या नातीसाठी घडवलं. त्यांचा मुलगा आजाराने गेला, तेव्हा ते सुनेला बोलून बसले, "तूच नीट बघितलं नाहीस." सून चार वर्षांच्या लेकीला घेऊन माहेरी गेली, ती गेलीच. नातीला भेटता यावं म्हणून आजी-आजोबांनी कोर्टात अर्ज केला. तारखांवर तारखा पडत गेल्या. दर तारखेहून परतले की आजोबा मला पॉलिश करत बसायचे.

तीन वर्षांनी आदेश निघाला. महिन्यातून एक तास, कोर्टातल्याच खोलीत, समुपदेशक बाईंच्या देखत.

पहिल्या भेटीला आजोबा मला सोबत घेऊन गेले. नात माझ्यावर बसली, तर तिचे गुडघे हनुवटीला टेकले.

"ही बाहुलीची आहे का?" तिने विचारलं.

"तुझीच गं," आजी म्हणाली. "यांच्या डोक्यात तू अजून चारच वर्षांची."

आजोबा ओशाळले. "सुतार असून माप चुकलो बघ. पुढच्या वेळी तुझ्यासमोर पाय वाढवून देतो."

पुढच्या भेटीला त्यांनी लाकडाचे चार तुकडे आणले आणि सवयीने पटाशीही. नातीने मला घट्ट धरून ठेवलं. दोन पाय जोडून झाले. तिसऱ्याला पटाशी लावली, तेवढ्यात फोन घ्यायला बाहेर गेलेल्या बाई परत आल्या.

"आजोबा, मुलीजवळ धारदार हत्यार?"

"सुताराच्या हातात पटाशी नाही तर काय कंगवा असणार?" आजी म्हणाली.

"मला कळतं हो, आजी. पण दिसलं ते लिहावंच लागतं."

ते लिहिलेलं सुनेच्या वकिलाने न्यायाधीशांना वाचून दाखवलं. पुढचा आदेश होईपर्यंत भेटी बंद झाल्या. मला पुरावा म्हणून चिठ्ठी बांधून इथे ठेवलं. त्याला दोन वर्षं झाली.

तारीख विचारायला आता आजी एकटीच येते. परवा कारकुनाने विचारलं, "आजोबा नाही आले?"

"जिना चढवत नाही त्यांना," ती म्हणाली.

नात आता नऊ वर्षांची असेल. माझे चारही पाय वाढवले तरी मी तिला पुरणार नाही.

मित्रांनो, मोठ्या माणसांना वाटतं, भांडण मिटायला कितीही दिवस लागले तरी चालतील. पण तुम्ही तोवर वाढायचं थांबत नाही. तुमच्या घरी कुणाचं येणं बंद झालं असेल, तर ते का येत नाहीत, हे एकदा विचारा. घरचे रागावले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.