चपला माझ्या, पाय माझा नाही

मेलेला माणूस पळत नाही, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. पण कोठारामागच्या गल्लीत ओल्या मातीतलं ते पाऊल पाहिलं आणि भर दुपारी माग्याच्या अंगावर काटा आला. टाच बाहेरून झिजलेली, अंगठ्याखाली आडवा टाका. ही चप्पल कुंभाराची. आणि कुंभाराला तर चार वर्षांपूर्वी, माग्याच्याच शब्दावर, नगराच्या तटावरून खाली ढकललं होतं.

माग्या म्हणजे नगरासाठी चोर-खुन्यांचा माग काढणारा. अनवाणी चालायचा, खांद्यावर मातीच्या वाडग्यांची झोळी. नीट उमटलेलं पाऊल दिसलं की त्यावर वाडगा पालथा घालायचा. तो वाडगा दुसऱ्या कुणी उचलायचा नाही की ओलांडायचा नाही, असा दंडकच होता. आज त्यानं वाडगा घातला तो मात्र घाईघाईनं, झाकपाक करावी तसा.

आत कोठारप्रमुख पडला होता. गळ्यात सुरा, रक्त धान्याच्या राशीत मुरलेलं. देह एवढा अवाढव्य, की चौघांनाही हलेना.

"कुणाचा पाय?" पहाऱ्याच्या नाईकानं विचारलं. भाला धरलेला त्याचा हात शिवशिवत होता.

"बघतो."

"बघतोस काय? एरवी पाऊल बघून नाव सांगतोस. आज दातखीळ बसली का?"

"गर्दी करून माग पुसू नका. मी हाक मारीपर्यंत इथंच थांबा."

नाईकाला माग वाचायला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. चपलेची खूण तेवढी त्याच्या डोक्यात बसली होती, बाकी आनंदीआनंद.

माग मणी घासणाऱ्यांच्या गल्लीतून गेला, रंगाऱ्यांच्या हौदांना वळसा घालून गटाराच्या काठाला लागला. माग्या एकेक पाऊल झाकत पुढे सरकत होता आणि प्रत्येक वाडग्याखालून कुंभाराचा तोच आवाज येत होता. त्या दिवशी दोघांनी दंड आवळलेले, दात पाडलेले, तोंडातून रक्त, तरी कुंभार तटावरून शेवटपर्यंत ओरडत होता, "चपला माझ्या, पाय माझा नाही!" चार वर्षं माग्या त्या आवाजानं दचकून उठत होता. बायकोला सांगायचा, पित्त झालंय.

तेव्हा कोठारात धान्य मोजणाऱ्या मापाड्याचा खून झाला होता आणि माग असाच मिळाला होता, फक्त चांगला खोल. कुंभार तर काटकुळा. "ओझं घेऊन पळाला असणार," माग्या म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं तर तो खोलपणा त्याला तेव्हाच खटकला होता. पण नावाजलेल्या माणसाला 'मला कळत नाही' म्हणताना जीभ जड होते.

आजचं पाऊल उथळ होतं. चवडा रुतलेला, टाच फरफटलेली. भुताला वजन नसतं म्हणतात. याला थोडं होतं. मोठ्या चपलेत लहान पाय. माग्या पावलाजवळ उकिडवा बसला. चार वर्षांपूर्वी त्यानं चप्पल वाचली होती, माणूस वाचलाच नव्हता.

माग वीटभट्टीत संपला. कच्च्या विटांच्या थप्पीआड एक मुलगी बसली होती, कोपरापर्यंत रक्तानं माखलेली. कुंभाराची धाकटी. चपलांत चिंध्या कोंबलेल्या.

"बाबांच्या जपून ठेवलेल्या याच चपला घातल्या की तुम्ही येणार, हे माहीत होतं मला," ती म्हणाली. "काका, कोठारात चपला चालत नाहीत. बाबा मडकी द्यायला आत गेले, चपला पायरीवर ठेवून. बाहेर आले तर गायब. मग संध्याकाळी परत तिथंच, चिखलानं भरलेल्या. त्या कुणी घातल्या होत्या, सांगा ना आता!"

माग्याच्या डोळ्यांपुढे धान्यावरचा तो अवाढव्य देह आला.

"माझं चुकलं गं पोरी," तो म्हणाला. चार वर्षं घशात अडकलेलं निघालं, पण त्यानं कुणी तटावरून परत येणार नव्हतं.

गल्लीत वाडगे फुटल्याचा आवाज झाला. नाईकाचा धीर संपला होता.

"चपला काढ," माग्या म्हणाला. "हात धू, डोक्यावर घागर घे आणि पाणी वाहणाऱ्या बायांत मिसळ. इथं शंभर अनवाणी पायांचा चिखल आहे, तुझा कोण ओळखतो? वेशीबाहेर गेलीस की मागं बघू नकोस."

चिंध्या उपसून त्यानं चपला पायात घातल्या. मग नदीकडे पळत सुटला, मुद्दाम मऊ मातीतून, टाचा दाबत.

लव्हाळ्यात तो छातीभर पाण्यात दबून बसला. पलीकडे बायांची रांग वेशीतून बाहेर पडत होती. शेवटची घागर दिसेनाशी होईस्तोवर त्यानं श्वास रोखून धरला.

काठावर नाईक मागावर वाकला होता. "चप्पल तीच! आणि केवढी खोल गेलीय बघा," तो शिपायांना ऐटीत सांगत होता. "ओझं घेऊन पळतोय लेकाचा!"

माग्याला राहवलं नाही. "ओझं नाही रे," म्हणत तो लव्हाळ्यातून उभा राहिला. "चपला कुंभाराच्या, पाय..."

नाईकानं आधी भाला फेकला, मग तोंड पाहिलं.