अरिष्टाचा 'ना'

चिनी कागदाचा मला मनापासून राग येतो. अभ्रकाच्या वेली छापलेला, दिसायला देखणा. पण शाई पीत नाही. अक्षर त्यावर अवघडलेल्या पाहुण्यासारखं नुसतं बसून राहतं. चुकलं तर चुकलं, पुढचं जहाज येईपर्यंत दुसरा ताव मिळायचा नाही.

अशा कागदाच्या वहीत बाईसाहेबांनी मला कविता लिहायला बसवलं होतं, त्यांच्या लेकीसाठी. तेरुको पहिलटकरीण. यंदा आमच्या घराची दिशा तिला अशुभ निघाली, म्हणून बाळंतपण नदीपलीकडे मामाकडे. कळा सुरू झाल्याचा निरोप सकाळीच आला. वही तिच्या हातात पडावी म्हणून बैलगाडी दारात उभी होती, आणि माझं शेवटचं पान चाललं होतं.

शेजारी, माझ्यासारखीच बाईसाहेबांच्या पदरी असलेली नोतो शाई उगाळत होती. तिचा हात एकदम थांबला. "इवामी, तो 'ना' बघ."

बघितला, आणि कुंचला खाली ठेवला.

एका 'ना'च्या उच्चारासाठी आमच्या लिपीत चार-पाच अक्षरं. प्रत्येक अक्षर कुठल्या ना कुठल्या चिनी अक्षराचं पोर. आम्ही बायकांनी आकार बघून निवडायचं, अर्थ पुरुषांनी बघायचा; चिनी शिकणं बायकांना शोभत नाही म्हणे. वेलींच्या मधल्या मोकळ्या जागेत बारीक 'ना' हरवला असता, म्हणून मी भरदार घेतला. तो ज्या चिनी अक्षरातून आला, त्याचा अर्थ अरिष्ट.

"तुला गं कसं कळलं?" मी विचारलं.

नोतो लाल झाली. "भावाची शिकवणी पडद्याआडून ऐकायचे. तू तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहेस? जाऊ दे. तेरुकोला थोडंच चिनी येतं!"

येत होतं. मीच शिकवलं होतं, शिवणाच्या नावाखाली. मुलीला चिनी शिकवलं हे बाईसाहेबांना कळलं असतं तर मला गाशा गुंडाळावा लागला असता. आता कळा देता देता ती पोर हे पान उघडणार आणि माझ्याच हातचं अरिष्ट वाचणार. आधीच घाबरट पोर.

"झालं का?" पडद्यापलीकडून बाईसाहेब खोकत म्हणाल्या. "लिहितेस की अंडी उबवतेस? बैल कंटाळले बाहेर!"

"झालंच, बाईसाहेब."

"पुसून टाक," नोतो कुजबुजली.

"अभ्रक निघेल."

"मग पानच काप."

"बाळंतिणीला कापलेलं पान पाठवू? जीभ आवर."

एकच ओळ उरली होती. तिचं शेवटचं अक्षर 'मु'. त्याचीही रूपं बरीच. त्यातलं एक ज्या चिनी अक्षरातून आलं, त्याचा अर्थ 'नाही'. आमच्या ओळी वरून खाली उतरतात, आणि त्या वरखाली विखरून लिहिण्याची रीतच आहे. 'ना'ने सुरू होणारी ओळ पानाच्या मध्यावर, तिच्या डोक्यावर जागा रिकामी. शेवटची ओळ तिथे चढवली, तर 'मु' बरोबर 'ना'च्या माथ्यावर बसेल. वरून खाली वाचलं की, नाही अरिष्ट.

पण ती जागा म्हणजे सगळं अभ्रक.

"शाई ओघळली तर सगळंच गेलं," नोतो म्हणाली.

"तू कागद घट्ट धर."

शाई दाट केली. श्वास रोखून ओळ उतरवत आणली आणि 'मु' टेकवला. त्याची कड थरथरली, तांदळाच्या कणाएवढी सरकली.

"फुंकू नकोस!" मी नोतोवर खेकसले.

शाई थांबली. वाळली. वही गेली.

मग दिवसभर काहीच बातमी नाही. बाईसाहेब जप करत होत्या, आणि ती वही तिने उघडलीच नसावी म्हणून मी देवाला विनवत होते. तेरुकोला फक्त 'ना' दिसला तर? 'मु' कळलाच नाही तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी परत आली. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. सोबत तेरुकोची दोन ओळींची चिठ्ठी. बाईसाहेबांनी डोळे पुसत ती वाचली, आणि मग नाक मुरडलं.

"बाकी अक्षर नाजूक आहे हो, पण मधेच हे दोन भोपळे कसले? केवढा तो 'मु', आणि त्याच्या खाली केवढा हा 'ना'! असलं बेढब लिहायला हिला शिकवलं कुणी?"

नोतोने मान खाली घातली.

"मीच, बाईसाहेब," मी म्हणाले, आणि मला रडूच कोसळलं.

"अगं, एवढ्यावरून रडतेस काय?" बाईसाहेब म्हणाल्या. "सुधारेल तिचं अक्षर."